गडद डावीकडे, फिका उजवीकडे

एनेइदा : आंधळीला चिरुटांची पेटी दाखवायला आलास तू, ओरेस्तेस. कारखान्यातले डोळेवाले संपले की काय?

ओरेस्तेस : डोळेवाल्यांनीच तर घोळ घातलाय, माद्रिना. तुमच्या मांडीवर ठेवतो, धरा. झाकण उघडंच आहे, जपून.

बेल्किस : आईची पडायची वेळ आहे. कॉफी पी आणि नीघ तू. कॉफी म्हणजे तरी काय, निम्मे वाटाणेच भाजून घातलेत.

ओरेस्तेस : तुला काय झालंय, बेल्किस? मी आलो की धावत यायचीस. आज दारातच उभं केलंस मला.

बेल्किस : घरचा म्हणून आला असतास तर धावत आले असते. छातीवर कारखान्याचा बिल्ला लावून आलायस. बिल्लेवाल्यांसाठी मी धावत नाही.

एनेइदा : तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. सकाळपासून लाइट नाही, पंखा नाही, म्हणून तापलीय. कुठून आली रे ही पेटी?

ओरेस्तेस : विमानतळावरून. कुणा पाहुण्याच्या बॅगेत निघाली, दुकानाची पावती नव्हती. कस्टमवाल्यांनी आमच्याकडे धाडली, खरी की खोटी ते सांगा म्हणून. अशा पेट्या तर येतच असतात. मी झाकण उघडतो, खोटी म्हणतो, माझं काम संपतं. या पेटीपाशी मात्र अडलो. माद्रिना, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मला मांडीवर तुम्ही घेतलंत, चिरूट रंगानं लावायच्या टेबलावर हाताला धरून तुम्हीच बसवलंत. आता अडल्यावर दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ?

एनेइदा : बरं बरं, लोणी पुरे. शिकवलं होतं तसं म्हण. आधी बाहेरून, मग आत.

बेल्किस : शाळा भरली.

ओरेस्तेस : पेटीवरचा सरकारी शिक्का हिरवा-पांढरा, अस्सल. चकाकणारी खूण तिरकी धरली की हलते. पण शिक्के काय, चोरून मिळतात.

एनेइदा : चिरुटांवरच्या पट्ट्याही मिळतात. पुढे.

ओरेस्तेस : तळाचा छाप जाळून उठवलेला.

एनेइदा : हं. बोटाला खळगा लागतो. नुसत्या शाईचा असता तर सपाट लागला असता. लाकूड चांगलं आहे रे. जुनी पेटी मिळवून पुन्हा भरलेली दिसते.

ओरेस्तेस : तसंच वाटतं. चिरूट दाबून बघितले, सगळीकडे सारखा दाब. मऊ नाही, गाठ नाही. पेटवायच्या टोकाला पाय स्वच्छ कापलेले. तोंडाकडच्या टोपीला तीन वेढे. रस्त्यावर विकतात त्याची टोपी कशीतरी चिकटवलेली असते, इथे तसं नाही.

एनेइदा : आणि पोटात?

ओरेस्तेस : एक उभा चिरला. सलग पानं निघाली, चुरा नाही की केळीचं पान नाही. दुसरा ओढून बघितला. राख राखाडी, घट्ट. पण मध्यावर आला की चव खाली बसते. झाडाच्या शेंड्याकडचं ते जोरकस पान आत भरतात ना, ते त्यात नाहीच.

एनेइदा : मग खोटी म्हण आणि मोकळा हो.

ओरेस्तेस : म्हटलं ना मी. चव घेणाऱ्यांपुढे ठेवली. निम्मे म्हणाले खोटी. निम्मे म्हणाले, खरीच आहे, वाईट दिवसांतली. हल्ली आपल्याकडेही ते पान कुठे पुरतं? कधी कधी आपला चिरूटही तसाच जातो.

बेल्किस : हे बाकी खरं बोललास. खऱ्यालाच चव राहिली नाही तर खोट्याला नावं कशाला ठेवता?

ओरेस्तेस : तुला कधीपासून एवढी माहिती, बेल्किस?

बेल्किस : तंबाखूवाल्यांच्या घरात जन्मले मी. कॉफी निवतेय तुझी.

एनेइदा : तू त्याला बोलू दे. मग रे?

ओरेस्तेस : मग मी पेटी खिडकीपाशी नेली आणि रंग बघितला. माद्रिना, कसं सांगू तुम्हाला. हात थांबले माझे. डावीकडे गडद, उजवीकडे फिका, हे तर सगळेच लावतात, निदान कारखान्यात तरी. पण इथे एकातून दुसऱ्यात रंग कुठे उतरतो ते कळतच नाही. सगळी ओळ एकाच पानात गुंडाळल्यासारखी. मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो. लोक हाका मारत होते, मला ऐकू येईना.

एनेइदा : एवढी चांगली होती?

ओरेस्तेस : जन्मात एवढी चांगली बघितली नव्हती. तुमच्या पेट्या सोडल्या तर.

एनेइदा : हं.

ओरेस्तेस : आणि अगदी मधे, दोन जुळे. एकाच छटेचे, शेजारी शेजारी. नजरेला टेकायला जागा हवी म्हणून तुम्ही ठेवायला शिकवलंत तसे. ते बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांसमोर. म्हटलं, 'हा तर आमच्या एनेइदाच्या टेबलाचा हात.'

बेल्किस : असं म्हणालास तू?

ओरेस्तेस : जीभ झडली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनी लगेच हिशेब मांडला. रस्त्यावरचे रंग लावत बसत नाहीत, तेव्हा पेटी खरी. खरी आणि पावती नाही, तेव्हा चोरलेली. चोरली कुणी? तर ज्याचा हात आहे त्यानं. एनेइदाला दिसत नाही, ओरेस्तेस आता तपासणीला बसतो. तुमच्या हाताखालची रंगाच्या टेबलावर उरली एकच.

एनेइदा : मिरेलिस.

ओरेस्तेस : मिरेलिस. टेबलावरून उठवलीय तिला. आत्ता या घडीला ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसलीय, कडेवर पोर घेऊन. पाळणाघरही बंद आज, लाइट नाही म्हणून. चार वाजता कमिटी बसणार. मी शेरा द्यायचा, खरी की खोटी. खरी म्हटलं की तिची नोकरी तर गेलीच, वर पोलिसांची गाडी.

एनेइदा : ती काय म्हणते?

ओरेस्तेस : काय म्हणणार? रडतेय. 'मी नाही, कोब्रेच्या माउलीची शपथ,' एवढंच. आणि मजा बघा, तिला पेटी दाखवली तर रडता रडता थांबली आणि म्हणाली, 'इतकी चांगली मला लावता येत नाही हो.' ते कुणी ऐकलंच नाही.

एनेइदा : खरं बोलली पोरगी. लाल छटांत घाई करायची ती. कितीदा बोटांवर मारलंय मी तिच्या.

बेल्किस : आई, पुरे आता. पेटी दे त्याला. याच्या कारखान्याची भांडणं आपल्या घरात नकोत.

ओरेस्तेस : एकच राहिलं, माद्रिना. त्याच्यासाठीच आलो खरं तर. वरच्या ओळीत, जुळ्यांच्या उजव्या हाताला, एका चिरुटावर हिरवट ठिपका आहे. मसुराएवढा. पानावर पडतो तसला. आणि तो वर आहे, झाकण उघडताच दिसतो असा. आपण काय करतो? फिरवून खाली घालतो, देखणं अंग वर. पहिल्या दिवशी शिकवतात ते. मग ज्याला रंगातली एवढी बारीक पायरी दिसते, त्याला हा ठिपका दिसू नये? मला काही सुचेना झालंय.

एनेइदा : कुठाय? माझं बोट ठेव त्याच्यावर.

ओरेस्तेस : हे इथे.

एनेइदा : इथे?

ओरेस्तेस : बरोबर ठिपक्यावर आहे बोट.

एनेइदा : काहीच लागत नाही.

ओरेस्तेस : लागणार कसं? नुसता रंगच तो.

एनेइदा : मग चुकलं माझं. ऐकलंस, बेल्किस? एक चुकला.

बेल्किस : आई, गप्प बस.

ओरेस्तेस : काय चुकलं?

बेल्किस : काही नाही. तिला उन्हाचं असं होतं. दुपारी काहीबाही बोलते.

एनेइदा : उन्हाचं मला काही होत नाही. पोरा, पेटी माझ्या हातची आहे. मांडीवर ठेवलीस तेव्हाच कळलं. म्हटलं, बघू तरी आपला ओरेस्तेस कुठवर पोचतो. पोचलास हो. छान पोचलास.

बेल्किस : तू हात लावलास? पलंगाखालच्या पेट्यांना हात लावलास तू?

एनेइदा : लावला.

बेल्किस : कधी?

एनेइदा : तू रेशनच्या रांगेत जायचीस तेव्हा.

बेल्किस : किती पेट्यांना?

एनेइदा : सगळ्यांना. दुसरं काही काम दिलं होतंस का मला?

बेल्किस : अगं आई. मी भरून बंद केलेल्या पेट्या. गिऱ्हाइकाला झाकण उघडून दाखवायचं, बोलत राहायचं, पैसे घ्यायचे. आतले चिरूट निरखून कोण बघतंय? आणि सापडलीच एखादी तर खोटी म्हणून जाळतात आणि विसरतात. तू नीट लावून ठेवलीस म्हणून ती खरी ठरली, कळतंय का तुला? खोटी होती तोवर कुणाला धक्का नव्हता.

ओरेस्तेस : थांबा. दोघीही थांबा जरा. बेल्किस, म्हणजे ह्या पेट्या तुझ्या?

बेल्किस : आता बिल्ला बोलायला लागला. हो, माझ्या. आतले चिरूट नवऱ्यानं वळलेले. ओस्मेलला कारखान्यानं घरी बसवलं तेव्हा हात ठेवून घेतले का त्याचे? नाही ना? मग ते हात वळणारच.

ओरेस्तेस : ओस्मेलनं वळलेत हे पटतं मला. माद्रिना, तुमचं मात्र पटत नाही. राग मानू नका. तुम्हाला खिडकी कुठे आहे तेवढंही दिसत नाही. मिरेलिसला वाचवायला अंगावर घेताय तुम्ही.

एनेइदा : अंगावर घेतेय? बेल्किस, चादर नीट कर. ओरेस्तेस, तू पेटी ओत पलंगावर. सगळी. आणि पत्ते पिसतात तसे पीस.

बेल्किस : आई, नको.

एनेइदा : ओत म्हणते ना.

(ओरेस्तेस पेटी ओततो, चिरूट कालवतो. एनेइदा हात झग्याला पुसून पलंगाच्या कडेला सरकते आणि एक एक उचलू लागते.)

ओरेस्तेस : नुसतं धरून बाजूला ठेवताय. कशावरून ठरवताय?

एनेइदा : वरून गुंडाळायचं गडद पान शेंड्याकडचं. आयुष्यभर ऊन खाल्लेलं. ते जाड असतं, त्याच्या अंगात तेल असतं. बोट सोडत नाही ते चटकन. फिकं पान खालचं, सावलीतलं. कोरडं, पातळ, बोटावरून निसटतं. हे तुलाही लागेल, डोळे मिटून बघ.

ओरेस्तेस : हा गडद, हा फिका, तेवढं कळतंय. पण मधले? मधल्या छटांना तर आम्ही उजेडात नेऊन भांडतो.

एनेइदा : मधल्यांना बोट पुरत नाही. बोटं राठ असतात. मधल्यांना वरचा ओठ. असा. नुसता टेकवायचा.

बेल्किस : हे तू कधी शिकलीस?

एनेइदा : डोळे गेल्यावर. कारखान्यानं निरोप दिला, फुलं दिली, आरामखुर्ची दिली. खुर्चीत बसून बसून माझे हात मेले, बेल्किस. तू माया करायचीस, जेवू घालायचीस, सगळं खरं. पण हातांना भूक लागते त्याचं काय? एक दिवस पलंगाखाली काठी शोधत होते, पेटी लागली. उघडली. आत सगळे कसेही कोंबलेले, गडदाच्या मांडीवर फिका, पट्ट्यांची तोंडं चार दिशांना. मला राहवलं नाही गं. तू स्वयंपाकघर असं टाकून झोपशील का?

ओरेस्तेस : हे दोन तुम्ही तिसऱ्यांदा उचललेत.

एनेइदा : भांडताहेत ते. थांब. हा आधी. हां, आता गप्प बसले. पट्टी फिरवून शिरा नसलेलं अंग वर घेते. शीर लागते बोटाला. ठिपका तेवढा नाही लागत. तुझा तो हिरवा जिन्नस कुठला, सांग आणि तूच उलटा कर.

ओरेस्तेस : हा. केला.

एनेइदा : आता जुळे. दोघे मला सापडलेत मघाशीच, बाजूला ठेवलेत. मधे घाल म्हणजे झालं. घे. इथे अंधार असेल तुम्हाला. गॅलरीत नेऊन बघ.

बेल्किस : मीही येते.

एनेइदा : जा. दोघं जा. घाई नाही.

बेल्किस : ओरेस्तेस, पेटी जरा खाली धर. मला दिसू दे. हे... मला यातलं फारसं कळत नाही. बरोबर आहे का?

ओरेस्तेस : एकसुद्धा हलवायचा नाही.

बेल्किस : खरं सांग. तिला बरं वाटावं म्हणून म्हणू नकोस.

ओरेस्तेस : बेल्किस, माझ्या समोर उन्हात धरलीय पेटी. मला दोन्ही डोळे आहेत आणि मला अशी लावता येणार नाही.

बेल्किस : मी पेट्या तिच्या पलंगाखाली ठेवल्या कारण मला वाटलं, तिथे कुणाचं लक्ष नाही.

एनेइदा : काय कुजबुजताय? चुकली का?

ओरेस्तेस : नाही, माद्रिना.

एनेइदा : मग एवढा वेळ काय करताय बाहेर?

ओरेस्तेस : पुन्हा पुन्हा बघतोय. तुम्ही आम्हाला शिकवलंत तेव्हा मला वाटायचं, हे सगळं डोळ्यांत असतं.

एनेइदा : मलाही तसंच वाटायचं, पोरा. डोळे जाईपर्यंत. बरं, किती वाजले?

ओरेस्तेस : तीन होत आलेत. ऐका, मी काय करतो. मी इथे आलोच नाही. ठिपका पुन्हा वर फिरवून कमिटीपुढे दाखवतो. म्हणतो, हा आमच्या टेबलाचा हात असता तर ठिपका वर राहिलाच नसता. पेटी खोटी.

एनेइदा : भागेल त्यानं?

ओरेस्तेस : बहुतेक... नाही. म्हणतील, चोरायच्या घाईत राहून गेला. मीच तर आधी हात ओळखला होता ना. आता माझ्याच तोंडचं कोण ऐकणार?

एनेइदा : मग मला ने. हेच तिथे करून दाखवते, त्यांच्या टेबलावर. पिसा म्हणावं हवं तेवढं.

बेल्किस : आणि मग? कमिटी टाळ्या वाजवील आणि घरी सोडील? पहिला प्रश्न येईल, आजी, चिरूट आले कुठून?

एनेइदा : सांगेन, माहीत नाही.

बेल्किस : तुला खोटं बोलता येतं का? आत्ता बघितलं की. याच्यापुढे घटकाभर गप्प बसवलं नाही तुला, 'चुकलं माझं' म्हणून मोकळी झालीस. आई, तुझ्यामागून ते या जिन्यावर चढतील. ओस्मेलला नेतील, मला नेतील. तुला दोन घास कोण देणार मग?

एनेइदा : आणि त्या पोरीच्या पोराला?

बेल्किस : ती माझी कोण लागते?

एनेइदा : तुझी कुणी नाही. माझी आहे. जुळे मधे ठेवायचे हे तिला मी शिकवलं. तिनं ते सोडलं नाही, मी घरी बसल्यावरही नाही. माझ्या हाताची खूण तिच्या हातात दिसली म्हणून तिला धरलंय. मी इथे खुर्चीत झुलत बसू?

बेल्किस : झूल ना. सगळी हवाना झुलतेय.

ओरेस्तेस : बेल्किस, मी तुझ्यावर जोर करणार नाही. माद्रिनाला मी ओढून नेणार नाही आणि या घराचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. तू म्हणशील तसं. पण मला आता गेलं पाहिजे. ती बाकावर बसलीय.

बेल्किस : पोर केवढं आहे?

ओरेस्तेस : चालतं नुकतंच. बाकाला धरून फेऱ्या मारत होतं.

बेल्किस : काही खाल्लंय का त्यानं?

ओरेस्तेस : मी निघालो तोवर तरी नाही.

एनेइदा : काय करतेयस गं तिकडे? भांडी कसली वाजतात?

बेल्किस : केळी तळलेली आहेत सकाळची, डब्यात घालतेय. ओरेस्तेस, आईला जिना उतरवायला तू उजवीकडून धर, मी डावीकडून. तिसरी पायरी फुटकी आहे. आणि ऐक, चिरूट वळले कुणी असं विचारलं तर मी बोलेन. मला येतात वळता. ओस्मेलचं नाव कुणी घ्यायचं नाही. आई, तूही नाही. तुला खोटं जमत नाही, तेव्हा तू तोंडच उघडू नकोस. तू फक्त चिरूट लाव.

एनेइदा : बेल्किस.

बेल्किस : काय?

एनेइदा : तुला पकडतील गं.

बेल्किस : दंड करतील, पेट्या नेतील, आणखी काय करतील ते बघू. चोरी तर नाही ना केली मी. खोटे चिरूट विकलेत, ते खोटे आहेत एवढंच सांगायला चाललेय. ऊठ आता. थांब, तो निळा झगा काढते.

एनेइदा : हा काय वाईट आहे? उशीर होतोय.

बेल्किस : याच्यावर पुढून कॉफी सांडलीय. होऊ दे उशीर, तिथे आज सगळे तुझ्याकडेच बघणार आहेत.